रात्रकॉलेजातला माजी सैनिक कक्ष: कागदाचं काम चोख, अभ्यासाचं अर्धं

मुंबईत नोकरी सांभाळून पदवी घ्यायचा विचार करणाऱ्या माजी सैनिकांसाठी हे लिहितोय. मी लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या दलातून, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. सध्या फोर्टमधल्या एका बँकेत आर्म्ड गार्ड आहे आणि दादरजवळच्या एका रात्रमहाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतोय. या कॉलेजात ‘माजी सैनिक मदत कक्ष’ आहे. कॉलेजचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत. कक्ष म्हणजे प्रत्यक्षात दोनच माणसं, आणि नाव घेतलं की सगळं त्यांच्या अंगावर येईल. तरीही लिहायला हवं असं वाटतं. आपल्यातल्या बहुतेकांना असा कक्ष कॉलेजात असू शकतो हेच माहीत नसतं, आणि जिथे असतो तिथे नेमकं काय मागायचं तेही ठाऊक नसतं.

आधी पदवीचा प्रश्न, कारण तोच सगळे विचारतात. गावाकडे, बँकेत, कॅन्टीनच्या रांगेतसुद्धा. ‘तुम्हाला तर ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळालंय की, मग परत कॉलेज कशाला?’ हा गैरसमज फार खोलवर गेलाय, म्हणून नीट सांगतो. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्या जवानाला, केंद्र सरकारच्या गट ‘क’मधल्या ज्या राखीव पदांना पदवी लागते त्यांच्यासाठी पदवीधरासारखं पात्र धरतात. त्याचंच ते सर्टिफिकेट. नोकरीच्या अर्जाला त्याचा मोठा उपयोग आहे, माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्याच्या जोरावर सरकारी नोकरीला लागलेत. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. त्यावर एम.ए.ला, बी.एड.ला किंवा लॉला प्रवेश मिळत नाही.

मला लॉ करायचंय. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं, म्हणजे सैनिकांच्या नोकरी-पेन्शनच्या तंट्यांसाठीच्या न्यायाधिकरणाचं, एक खंडपीठ मुंबईत आहे. डिसॅबिलिटी पेन्शन नाकारलेले जवान, फॅमिली पेन्शन अडकलेल्या बायका, मुलाच्या पश्चात कागद घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या आया असे लोक तिथे येतात. आपल्या नावाने काय चाललंय हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस लागतो. मला तो व्हायचंय, आणि त्यासाठी खरी पदवी हवी.

इथेच कक्षाचा पहिला मोठा उपयोग झाला. मी फक्त चौकशीला गेलो होतो. कक्ष सांभाळणारे सर त्याच इमारतीतल्या दिवसाच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात आणि तिथल्या एनसीसीचे एएनओ, म्हणजे कॉलेजचं पथक सांभाळणारे शिक्षक-अधिकारी, आहेत. त्यांनी फॉर्म पुढे करायच्या आधी विचारलं, ‘पदवीनंतर काय करायचंय?’ लॉ म्हटल्यावर त्यांनी माझी बारावीची गुणपत्रिका मागितली आणि ती बघूनच पुढे बोलले. कारण असं आहे: बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे, बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला लॉला प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे दहावीवर भरती झालेले आणि पुढे पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेले पुष्कळ आहेत. ती पदवी इतर कामांना चालते, लॉसाठी मात्र दार बंद होतं. माझ्या युनिटमधला एक नायक नेमका इथेच अडकलाय. त्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्याने बारावी करून घेतली असती. फॉर्म १७ भरून बाहेरून बारावीला बसता येतं.

माझी बारावी झाली होती, त्यामुळे मला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ चाललं असतं, कलिन्याचं मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही चाललं असतं, आणि सरांनी ते स्वतःहून सांगितलं. स्वतःच्या कॉलेजची सीट भरण्यासाठी त्यांनी काहीही दडवलं नाही. मी रात्रकॉलेज निवडलं ते वर्गात बसायचं होतं म्हणून. वीस वर्षं मी संदेश घेतले आणि दिले, जसाच्या तसा, आपलं एक अक्षर न घालता. वकिलीत आपलं म्हणणं उभं करावं लागतं. ते घरी पुस्तकातून येणार नाही असं मला वाटलं, आणि वर्गातल्या पोरांशी वाद घालताना ते रोज पटतं.

कागदपत्रांच्या बाबतीत या कक्षाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. ऑफिसातल्या ताई हे काम बघतात. त्यांचा भाऊ नेव्हीत होता, त्यामुळे डिस्चार्ज बुक म्हणजे काय (सुटताना मिळणारं, सेवेच्या नोंदींचं पुस्तक) हे त्यांना समजावावं लागत नाही. इतर कॉलेजांच्या खिडकीवर मला ‘वीस वर्षांचा गॅप आहे, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणा’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. ताईंनी डिस्चार्ज बुकची पानं उलटली, भरतीची तारीख आणि रिलीजची तारीख एका कागदावर उतरवली, त्याला झेरॉक्स जोडली आणि म्हणाल्या, ‘हा गॅप नाही दादा, ही सेवा आहे. मी प्रिन्सिपलसरांची सही घेते.’ प्रतिज्ञापत्र लागलं नाही.

नावाचा घोळ याहून मोठा होता, आणि तो आपल्यातल्या निम्म्या लोकांचा असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, लष्कराच्या कागदावर आडनावच नाही, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. नोकरीत असताना हे पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या अधिकृत आदेशाने, सुधारून घेता येतं. रिलीजनंतर जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि आमचं रेकॉर्ड जबलपूरला. आता विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याचं क्रेडिट बँकेचं खातं उघडावं लागतं (पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्यात जमा होतात), ते आधारशी जोडलेलं असतं, आणि नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. ताईंनी रस्ता सोपा करून दिला. विद्यापीठासाठी बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव धरायचं, आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं, आणि डिस्चार्ज बुकवरचा माणूस तोच आहे एवढ्यापुरतं प्रतिज्ञापत्र करायचं. एका प्रवेशात तीन ऑफिसांचे हेलपाटे वाचले. अजून नोकरीत असणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, रिलीजच्या आधी हे नाव एकसारखं करून घ्या. शेवटच्या वर्षात रिसेटलमेंटचा, म्हणजे बाहेरच्या नोकरीच्या तयारीचा, कोर्स मिळवायला आपण जी धडपड करतो, तिच्यातली थोडी इथेही करा.

आता तक्रार. रात्रकॉलेज सुरू होतं साडेसहाला आणि कक्ष बंद होतो पाचला. हे लिहितानाही मला त्रास होतो. रात्रकॉलेजात येणारा माणूस दिवसा कामावर असतो, म्हणून तर तो रात्री येतो. बँकेतून सुटून सीएसएमटीवरून दादरला उतरेपर्यंत कक्षाच्या दाराला कुलूप. वडापाव खायचा आणि वर्गात जायचं. पहिल्या वर्षात कक्षाशी माझं निम्मं बोलणं फोनवर झालं, आणि सही लागली की अर्ध्या दिवसाची रजा. आम्ही काही जणांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. आता ताई गुरुवारी आठपर्यंत थांबतात. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, पण त्या कळव्याला राहतात, घरी सासूबाई अंथरुणावर आहेत, आणि या जादा वेळेचा त्यांना काहीही मोबदला नाही. एका बाईच्या चांगुलपणावर सोय चालवायची ही पद्धत बरोबर नाही. संस्थेने संध्याकाळचा माणूस नेमायला हवा.

पैशाच्या मदतीबद्दल कक्षाच्या भिंतीवर बरेच तक्ते लावलेत. मी सगळे वाचले. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना: माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी, मुलांना महिना २५०० रुपये, मुलींना ३०००. केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान: हवालदार आणि त्याखालच्यांच्या दोन मुलांपर्यंत. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं: मुलामुलींसाठी. प्रवेशातल्या राखीव जागा: पुन्हा पाल्यांसाठीच. या सगळ्या योजना चांगल्या आहेत आणि माझ्या मुलीला त्यांचा फायदा होणार आहे. पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. आपल्या व्यवस्थेने असं धरलंय की सैनिकाचं शिक्षण म्हणजे त्याच्या पोराचं शिक्षण. जवान स्वतः चाळिशीत वर्गात बसेल, फी भरेल, पुस्तकं घेईल, हे कुठल्याही तक्त्यावर नाही. त्याच्यासाठी नोकरीतलं आरक्षण आहे, राज्यात १५ टक्के, बँकांत त्याहून वेगळं. म्हणजे तो कामाला लागला की प्रश्न संपला असं मानलं जातं.

माझ्या मावसभावाची मुलगी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात ऑफिसात काम करते. तिच्याकडून तिथली पद्धत समजून घेतली. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, बहुतांशी सरकारी, कमी फीचं कॉलेज. नोकरदार, मोठ्या वयाचे, आधी शिक्षण सुटलेले असे लोक तिथे शिकतात, आणि पुढची दोन वर्षं विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करता येते. तिथे १९४४ पासून परतलेल्या सैनिकाच्या शिक्षणासाठी कायदा आहे. २००९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पूर्ण पात्र असलेल्याला ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं. सरकारी कॉलेजची फी सरकार थेट कॉलेजला देतं, शिवाय कॉलेज ज्या भागात आहे तिथल्या भाड्याच्या हिशेबाने दरमहा भत्ता आणि पुस्तकांना वर्षाला १००० डॉलरपर्यंत. कॉलेजात यासाठी एक नेमलेला माणूस असतो. कुठल्या माजी सैनिकाने किती विषय घेतले हे सरकारला कळवणं ही त्याची अधिकृत जबाबदारी असते. आणि बऱ्याच ठिकाणी सैनिकांना बसायला, अभ्यासाला एक स्वतंत्र खोलीही असते.

तेवढाच पैसा इथे मिळावा असं मी म्हणत नाही. आपल्याला १५ वर्षांनंतर पेन्शन लागते, त्यांना त्यासाठी २० वर्षं काढावी लागतात, आणि तिथले बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात. दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे. पण नेमलेला माणूस आणि त्याची ठरलेली जबाबदारी, याला फार पैसा लागत नाही. आमच्या ताई आणि सर जे आपुलकीने करतात ते कुणाचं तरी लिहून दिलेलं काम असावं, एवढंच माझं म्हणणं.

अभ्यासाच्या बाबतीत कक्ष कमी पडतो. पहिल्या सत्रात सगळ्यात जड गेलं ते लिहिणं. युनिटमध्ये आपण फॉर्मॅटमध्ये लिहितो: विषय, संदर्भ, मुद्दा एक, मुद्दा दोन. इथे ‘चर्चा करा’ असा प्रश्न येतो आणि पंधरा ओळी सलग लिहायच्या असतात. माझं उत्तर खरं असायचं पण चार ओळींत संपायचं. इंग्रजीतल्या संदर्भपुस्तकांचीही तीच अडचण. सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून एक तास फक्त उत्तर कसं लिहायचं यावर मिळाला असता तर माझ्यासारख्या सगळ्यांचा फायदा झाला असता, आणि माजी सैनिकांचाच का, कुरिअरमध्ये काम करणाऱ्या, हॉटेलात काम करणाऱ्या आमच्या वर्गातल्या पोरांचाही. कक्षात हे मांडलं तेव्हा सरांनी मागच्या प्रश्नपत्रिका आणि एका चांगल्या विद्यार्थिनीच्या उत्तरांच्या झेरॉक्स दिल्या. त्या मी अजून वापरतो. पण झेरॉक्स म्हणजे शिकवणी नव्हे. शेवटी वर्गातल्याच एका मुलीने, दिवसा परळला लॅबमध्ये काम करते ती, मला परिच्छेद पाडायला शिकवलं. सुरुवातीला मला ‘सर’ म्हणायची, आता ‘दादा’ म्हणते.

कानाचंही सांगायला हवं. हेडसेट आणि जनरेटरच्या शेजारी वर्षं काढलेल्या ऑपरेटरचे कान जातात, हे सिग्नलवाल्यांना सांगायला नको. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मेडिकल बोर्डाने २० टक्के दिलेत. लष्करात डिसॅबिलिटी पेन्शन २० टक्क्यांपासून लागते, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या आरक्षणासारख्या सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. मधल्या पट्ट्यातला माणूस बाहेरच्या जगाच्या हिशेबात धडधाकट. रस्त्याकडच्या वर्गात खिडक्या उघड्या असल्या की मला शिकवणारा माणूस नुसता दिसतो. हे मी कक्षात सांगितलं आणि दुसऱ्याच दिवसापासून आमचा वर्ग मागच्या बाजूच्या खोलीत भरायला लागला. कुठला नियम नव्हता, कुठला तक्ता नव्हता. ताईंनी वेळापत्रक ठरवणाऱ्यांना विनंती केली आणि खोल्यांची अदलाबदल झाली. या एका गोष्टीसाठी मी या कक्षाच्या बाजूने कुठेही उभा राहीन.

हजेरीबद्दल थोडक्यात. ७५ टक्क्यांची अट आहे. ड्यूटी लांबली, मध्य रेल्वे रखडली तर आधी कळवा, नंतर नाही. कक्ष प्राध्यापकांकडे निरोप पोचवतो, पण हजेरी लावून देत नाही, आणि ते योग्यच आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. एक गुण वेळेचा कापला आणि अर्धा अभ्यासाचा.

कक्षाने लवकर हातात घ्यायला हवं असं एक काम आहे, क्रेडिटचं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवातून आणि प्रशिक्षणातून मिळवलेल्या ज्ञानाला क्रेडिट देण्याची तरतूद आहे. लष्कराने आणि इग्नूने (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने) पूर्वी ‘ज्ञानदीप’ नावाने जवानांच्या प्रशिक्षणाला शैक्षणिक मान्यता देण्याचं काम सुरू केलं होतं. त्यात प्रशिक्षण केंद्रांनाच कम्युनिटी कॉलेज म्हणून मान्यता होती. म्हणजे कल्पना आपल्याकडे नवी नाही. तरीही मला संगणकाची ओळख करून देणाऱ्या विषयाला पहिल्या धड्यापासून बसावं लागलं. मी बसलो, गुणही मिळाले, पण तो वेळ मला इंग्रजीला देता आला असता. माझे जबलपूरचे कोर्स, त्यांचे तास, त्यांचे ग्रेड सगळं डिस्चार्ज बुकात लिहिलेलं आहे. सरांनी विद्यापीठाला पत्र लिहायचं कबूल केलंय. मी त्यांना दर महिन्याला आठवण करतो आणि ते रागवत नाहीत.

हे लवकर व्हायला हवं, कारण अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षं पूर्ण करून २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडायला लागेल. चौघांतले जास्तीत जास्त एक कायम होणार, बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येणार. त्यांच्यासाठी इग्नूने पदवीचा अभ्यासक्रम काढलाय, त्यात निम्मी क्रेडिट सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाची धरतात. तो ज्यांनी घेतला नसेल किंवा अर्धवट राहिला असेल ते मुंबईतल्या अशाच कॉलेजांच्या खिडकीवर येतील. आणि आमच्या कक्षाच्या फॉर्मवर पहिलाच रकाना आहे ‘पीपीओ क्रमांक’, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक. अग्निवीराला पेन्शन नाही, म्हणजे पीपीओ नाही. त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म दिला तर आजच्या पद्धतीप्रमाणे तो परत येईल.

हे मी उगाच भीतीने बोलत नाही, असं एकदा घडलंय. सीआरपीएफमधून आलेल्या एका दादांना याच कक्षात ‘तुम्ही माजी सैनिकांत बसत नाही’ असं सांगितलं गेलं. नियमाने ते खरंच आहे. निमलष्करी दलातून निवृत्त झालेल्यांना २०१२ पासून वेगळी ओळख दिलीय, ती माजी सैनिकाची नाही. पण ते दादा छत्तीसगडमध्ये होते आणि त्यांच्याही कागदांत गॅप, नाव, बदल्या सगळे तेच प्रश्न होते. ते परत निघाले होते, ताईंनी जिन्यात गाठून त्यांना बसवून घेतलं आणि फॉर्मवर हाताने लिहिलं, ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दल, सेवा प्रमाणपत्र पाहिले.’ आज ते माझ्या मागच्या बाकावर बसतात. तेव्हापासून आम्ही सगळे मिळून फॉर्म बदलायची मागणी करतोय: पहिल्या रकान्यात पीपीओऐवजी ‘सेवेचा पुरावा’ असावा, म्हणजे डिस्चार्ज बुक, अग्निवीराचं प्रमाणपत्र, दलाचं सेवा प्रमाणपत्र, काहीही चालेल. प्राचार्यांनी जूनच्या प्रवेशाआधी नवा फॉर्म छापू असं सांगितलंय.

जूनमध्ये तुमच्या जवळच्या कुठल्याही कॉलेजात जाणार असाल तर दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स घेऊन जा, नुसत्या पहिल्या पानाची नको, कोर्सची नोंद मागच्या पानांवर असते. कक्ष नसेल तर एनसीसीचे एएनओ कोण आहेत ते विचारा आणि थेट त्यांना भेटा. आणि कक्ष असेल तर सगळ्यात आधी त्याची वेळ विचारा. पाचला बंद होत असेल तर चार जण मिळून लेखी अर्ज द्या. आमच्याकडे त्यानेच गुरुवार मिळाला, आता मंगळवारसाठी अर्ज दिलाय.